गाडी तीच, ड्रायव्हर नवा

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी फोनवर मला विषय दिला होता, ‘संगणक युगातील संधी आणि आव्हाने’. मी म्हटलं, या विषयावर आपण शाळेतच निबंध लिहिलेला आहे आणि त्यात मला फारसे मार्क पडले नव्हते. त्यापेक्षा माझ्या हातून गेल्या दिवाळीत इथंच, आळेफाट्याजवळ, एक चूक झाली ती सांगू द्या. वीस वर्षांहून जास्त काळ सॉफ्टवेअरमध्ये काढलेल्या बाईची चूक आहे, त्यामुळे ऐकायला तुम्हाला मजा येईल. आणि आज दुपारी आपण शाळेच्या संगणक कक्षासाठी निधीचं ठरवणार आहोत, त्याच्याशी तिचा थेट संबंध आहे.

चूक ड्रायव्हरच्या बाबतीतली. त्या रात्री घरी गेल्यावर आईला म्हटलं, “ड्रायव्हरमुळे सगळं अडलं गं.” आई म्हणाली, “मग दुसरा बघायचा. फाट्यावर उभं राहिलं तर दहा मिळतील.” तिचं काय चुकलं? पुणे-नाशिक आणि कल्याण-नगर हे दोन रस्ते जिथं एकमेकांना छेदतात, त्या गावात ड्रायव्हर म्हणजे ट्रकचाच. पण मी ज्याच्याबद्दल बोलतेय तो संगणकाच्या आत बसतो आणि चहा प्यायला खाली उतरत नाही.

आधी हकिकत सांगते.

आपल्याच बॅचमधला एक मित्र गावात दूध संकलन केंद्र चालवतो. त्यानं नाव न घेण्याची अट घातली आहे, पण तो तिसऱ्या रांगेत बसून हसतोय. त्याच्याकडे सव्वाशेच्या आसपास खातेदार. सकाळ-संध्याकाळ लोक किटल्या, कॅन घेऊन येतात. दूध काट्यावर ओततात, नमुना फॅट मशीनमध्ये जातो, आणि लिटर, फॅट, एसएनएफ हे तिन्ही आकडे तारेवाटे संगणकात येतात. संगणक दरपत्रक बघून भाव लावतो आणि पावती निघते. दर दहा दिवसांनी त्याच संगणकावरून खातेदारांचे पैसे बँकेत जमा होतात.

आता विंडोज १० ही प्रणाली २०१५ साली आली, आणि १४ ऑक्टोबर २०२५ ला तिचा आधार संपला. म्हणजे संगणक बंद पडला असं नाही. पण नवी भोकं सापडली तर ती बुजवायला नेहमीसारखं कोणी येणार नाही. घरगुती वापरासाठी आणखी एका वर्षाची, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची, सुरक्षा दुरुस्त्यांची वेगळी सोय ठेवली आहे, पण ती मुदतवाढ झाली, इलाज नव्हे. भोकं बुजवली नाहीत तर काय होतं ते २०१७ च्या मे महिन्यात जगानं पाहिलंय. ‘वॉनाक्राय’ नावाचा खंडणीखोर प्रोग्राम दीडशेच्या आसपास देशांत पसरला. त्याला अडवणारी दुरुस्ती मार्चमध्येच आलेली होती. ज्यांनी ती घातली नव्हती किंवा ज्यांच्या प्रणालीला ती मिळतच नव्हती, ते सापडले. ज्या संगणकावरून सव्वाशे घरांचे पैसे जातात, तो असा उघडा ठेवणं बरं नाही. म्हणून मित्रानं विचारलं, “दिवाळीला येतेस ना, तेवढं विंडोज ११ करून देतेस का?”

मी म्हटलं, “तासाभराचं काम आहे.”

तासाभराचं काम आहे, हे वाक्य आमच्या धंद्यात अपशकुनी समजलं जातं. तरी मी बोलले.

पाडव्याचा दिवस होता. दुपारी एक वाजता मी बसले. संगणक २०१९ सालचा, इंटेलच्या आठव्या पिढीचा. विंडोज ११ ला लागते ती टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप त्यात होती. तपासणीच्या प्रोग्रामनं हिरवी खूण दाखवली. मी अपग्रेड सुरू केलं, आणि थोड्या वेळात पडद्यावर सूचना आली. तिचा अर्थ असा की तुमच्या संगणकातला एक ड्रायव्हर या आवृत्तीसाठी तयार नाही, पुढे जाता येणार नाही.

आता इथं थांबून ड्रायव्हर म्हणजे काय ते सांगते, म्हणजे माझ्या मूर्खपणाची खोली तुम्हाला नीट कळेल.

संगणकाला जोडलेली प्रत्येक वस्तू आपापल्या भाषेत बोलते. काटा एका भाषेत, फॅट मशीन दुसऱ्या, प्रिंटर तिसऱ्या. विंडोजला यातली प्रत्येक भाषा येत नाही. म्हणून वस्तू बनवणारा तिच्याबरोबर एक दुभाष्या देतो. तो दुभाष्या म्हणजे ड्रायव्हर. काटा म्हणतो त्याचं तो विंडोजला समजेल असं करतो, विंडोज म्हणतं ते काट्याला.

पण हा दुभाष्या दारात उभा राहत नाही. देवळात जसा सभामंडप असतो आणि गाभारा असतो, तसं संगणकातही आहे. आपले रोजचे प्रोग्राम मंडपात. तिथं एखादा पडला तर तेवढाच पडतो, बाकीचं कीर्तन चालू राहतं. बरेचसे ड्रायव्हर मात्र गाभाऱ्यात शिरतात. तिथं पाय घसरला की देऊळच बंद. १९ जुलै २०२४ आठवतो का? विमानतळांवर हातानं लिहिलेले बोर्डिंग पास दिले जात होते. एका सुरक्षा सॉफ्टवेअरचा गाभाऱ्यात बसणारा भाग एक सदोष फाइल वाचून कोसळला आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार जगातले सुमारे ८५ लाख संगणक निळा पडदा दाखवून बसले.

म्हणून प्रत्येक नव्या आवृत्तीत गाभाऱ्याचे नियम कडक होत गेले. २००७ साली व्हिस्टा बाजारात आली, तेव्हापासून ६४ बिटांच्या विंडोजमध्ये सही-शिक्क्याशिवाय ड्रायव्हरला आत प्रवेश नाही. विंडोज ११ तर ६४ बिटांतच येतं, त्यामुळे ३२ बिटांसाठी लिहिलेला जुना ड्रायव्हर तिथं चालतच नाही. आणि ‘मेमरी इंटिग्रिटी’ नावाचा एक पहारेकरी आहे, तो जुन्या धाटणीच्या पुष्कळ ड्रायव्हरांना उंबऱ्यावरच अडवतो.

तर त्या सूचनेत ज्याचं नाव आलं होतं, तो ड्रायव्हर होता डेअरीच्या प्रोग्रामच्या लॉकचा. लॉक म्हणजे पेनड्राइव्हसारखा छोटा तुकडा. तो लावलेला असेल तरच प्रोग्राम चालतो, नक्कल करून चालत नाही. छापखान्यांत मराठी टायपिंगच्या जुन्या सॉफ्टवेअरबरोबर असं लॉक तुमच्यापैकी काहींनी पाहिलं असेल.

मी काय केलं? अपग्रेड या ड्रायव्हरमुळे अडतंय ना, मग काढून टाकू त्याला. काढला. परत सुरू केलं. अपग्रेड सुरळीत झालं. साडेतीनला विंडोज ११ चा पडदा आला, मित्रानं पेढा दिला, मी खाल्ला.

चार वाजता प्रोग्राम उघडला. लॉक सापडत नाही. जुना ड्रायव्हर परत घालायला गेले, तर विंडोज ११ त्याला आत घेईना. तेवढ्यात लक्षात आलं, काट्याची तारही गप्प आहे. काटा आणि मशीन जुन्या पद्धतीच्या सीरियल तारेनं बोलतात आणि आजच्या संगणकाला ते भोकच नसतं. म्हणून मध्ये एक कन्व्हर्टर असतो, निळ्या वायरीचा, यूएसबीला लावायचा. त्याच्यातली चिप जुनी. कोणी तरी कधी काळी तिला जुना ड्रायव्हर हातानं बसवून दिला होता, तो अपग्रेडनं बदलून नवा घातला. नव्या ड्रायव्हरनं चिप ओळखली आणि पिवळा त्रिकोण दाखवून जवळजवळ असं म्हटलं, ही चिप २०१२ पासून बंद आहे, विक्रेत्याला भेटा.

पावणेपाचला मी हार मानली आणि ‘मागे जा’ हे बटण दाबलं. अपग्रेडनंतर दहा दिवसांपर्यंत असं मागे जाता येतं. सव्वापाच-साडेपाचपर्यंत विंडोज १० परत आलं, काट्याची तारही बोलायला लागली. पण लॉक? ‘मागे जा’ म्हणजे अपग्रेडच्या क्षणापर्यंत मागे. आणि अपग्रेडच्या आधी तो ड्रायव्हर मी स्वतःच्या हातानं काढला होता. तो परत येणार कुठून? त्याची सीडी कुठं आहे कोणाला माहीत नव्हतं, आणि सापडली असती तरी त्या संगणकाला सीडी घालायची जागा नव्हती. पाडव्याच्या संध्याकाळी प्रोग्राम विकणाऱ्यांचा फोन कोण उचलणार?

बाहेर रांग लागली होती. तुम्ही इथलेच आहात, ऑक्टोबरअखेरची संध्याकाळ काय असते ते तुम्हाला सांगायला नको. सहाला सूर्य गेला की अंधार. दोन्ही बाजूंना डोक्याच्या वर गेलेला ऊस, आणि त्यात बिबट्या. रांगेतल्या निम्म्या बाया मळ्यातून चालत आलेल्या. त्यांना उजेड आहे तोवर घरी पोचायचं होतं. एक ताई माझ्याकडे बघून शेजारणीला म्हणाली, “पुण्याच्या मॅडमनी कॉम्प्युटर दुरुस्त केलाय म्हणं.” मला आजवर मिळालेला सर्वात खरा अभिप्राय तो.

केंद्राचा हिशेब बघतात त्यांना सगळे नाना म्हणतात. वय सत्तरीच्या पुढे. त्यांनी कपाटातून कार्बन घातलेलं पावतीपुस्तक काढलं आणि म्हणाले, “पोरी, काट्यावर आकडा दिसतोय, मशीनवर आकडा दिसतोय. बंद काय पडलंय? लिहायचं फक्त. बस इथं.” भिंतीवर दरपत्रक चिकटवलेलं होतं. उभी फॅट, आडवी एसएनएफ, दोन्ही रेषा मिळतील तिथं भाव. नाना एका बाजूला, मी दुसऱ्या बाजूला. आधी चालत आलेल्या बायांचं दूध घ्यायचं, मोटारसायकलवाले नंतर, हाही निर्णय त्यांचाच. पावणेसातपर्यंत शेवटचा कॅन झाला. मळ्यातल्या चार जणींना मित्रानं पिकअपमधून घरी सोडलं.

दुसऱ्या दिवशी सकाळचं दूधही हातानं लिहिलं. दुपारी प्रोग्रामवाल्यांनी ड्रायव्हरची फाइल पाठवली आणि केंद्र पूर्ववत झालं. भाऊबीज असून पाठवली, हे त्यांचे उपकार. मग कागदावरच्या पावत्यांचा ताळा घेतला. माझ्या अक्षरातल्या नऊ पावत्यांत चुका निघाल्या. नानांच्या एकाही नाही.

त्या रात्री मला झोप लागली नाही. चूक नेमकी कुठं झाली याचा विचार करत होते, आणि एक गोष्ट लख्ख दिसली. अपग्रेड अडवणाऱ्या त्या सूचनेला मी अडथळा समजले. खरं तर ती खबर होती. आत एक जण काम करतोय, त्याची पुढची सोय लागलेली नाही, एवढंच ती सांगत होती. मी सोय लावली नाही. मी त्यालाच काढून टाकलं आणि रस्ता मोकळा झाला म्हणून पेढा खाल्ला.

मोठ्या कंपन्याही ही खबर गंभीरपणे घेतात. २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये विंडोज ११ आलं, तेव्हा इंटेलच्या एका आवाजाच्या ड्रायव्हरच्या ठरावीक आवृत्त्या असलेल्या काही संगणकांवर निळा पडदा येऊ लागला. मायक्रोसॉफ्टनं अशा संगणकांना अपग्रेड देणंच थांबवलं. त्या ड्रायव्हरची पुढची आवृत्ती घातली की अडसर निघत होता. म्हणजे असा अडसर दिसला तर जबरदस्तीनं पुढं ढकलायचं नाही. ज्याच्यामुळे अडलंय त्याची नवी आवृत्ती शोधायची, नसेल तर वाट पाहायची.

नोव्हेंबरअखेर एका रविवारी मी परत आले. या वेळी कसं केलं ते क्रमानं सांगते, कारण तुमच्यापैकी कोणाचं मेडिकल आहे, कोणाचं आपले सरकार सेवा केंद्र, कोणाचा वजनकाटा. बोटाचे ठसे घेणारं यंत्र, डिजिटल सहीचं टोकन, बारकोडचा प्रिंटर या प्रत्येकामागे एक ड्रायव्हर बसलेला आहे.

पहिलं काम वहीत. संगणकाच्या मागून निघणारी प्रत्येक वायर धरून दुसऱ्या टोकापर्यंत गेले आणि लिहिलं, ही कशाची, कोणाची, रोज लागते का. सात वायरी निघाल्या. मग संगणकाला विचारलं, तुझ्या आत कोण कोण आहे? विंडोजमध्ये ‘पीएनपीयुटिल’ नावाची आज्ञा आहे, ती बाहेरून आलेल्या सगळ्या ड्रायव्हरांची यादी देते. त्यात चार वर्षांपूर्वी भंगारात गेलेल्या प्रिंटरचा ड्रायव्हर अजून मुक्कामाला होता. भाडेकरू गेला, कुलूप तसंच. असे बिनकामाचे ड्रायव्हर मात्र खुशाल काढावेत, अपग्रेड पुष्कळदा यांच्यामुळेच अडतं. फक्त आधी खात्री करायची की तो खरंच बिनकामाचा आहे.

दुसरं, ओळख पटवणं. वस्तूवर छापलेलं नाव खोटं असू शकतं, स्वस्त कन्व्हर्टरमध्ये नकली चिप सर्रास असते. पण डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्या वस्तूचा हार्डवेअर क्रमांक दिसतो. गाडीच्या चॅसी नंबरासारखा. त्यात चिप बनवणारा कोण आणि चिप कोणती हे कळतं. तो क्रमांक घेऊन बनवणाऱ्याच्याच संकेतस्थळावर जायचं. ‘तुमचे सगळे ड्रायव्हर एका क्लिकमध्ये नवे करतो’ म्हणणाऱ्या फुकट प्रोग्रामांना दारात उभं करू नका. गाभाऱ्याची किल्ली अनोळखी माणसाला देण्यासारखं आहे ते.

तिसरं, नवी सोय आधी, जुन्याला निरोप नंतर. लॉकच्या कंपनीकडून विंडोज ११ साठीचा ड्रायव्हर मागवला. कन्व्हर्टर नवा घेतला, साडेसहाशे रुपयांना. डेअरीच्या प्रोग्रामची सीडी पेनड्राइव्हवर उतरवून घेतली.

चौथं, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं. संगणकाच्या डिस्कची हुबेहूब नक्कल दुसऱ्या डिस्कवर केली. मूळ डिस्क काढून, चिठ्ठी लावून, नानांच्या ड्रॉवरमध्ये ठेवली आणि नकलेवर अपग्रेड केलं. बिघडलं असतं तर पाच मिनिटांत जुनी डिस्क परत बसवून संध्याकाळचं दूध सुरू. डिस्कवर बिटलॉकरचं कुलूप असेल तर त्याची रिकव्हरी किल्ली आधी कागदावर उतरवा, नाही तर आपल्याच घराबाहेर उभं राहायची वेळ येते.

पाचवं, कीबोर्ड, माउस, पडदा सोडून सगळ्या वायरी काढून अपग्रेड केलं. मग एकेक लावायची, तपासायची, मगच पुढची. काटा लावला, नवा कन्व्हर्टर ओळखला गेला, पण प्रोग्राममध्ये आकडा येईना. घाबरू नका, हे नेहमीचं आहे. प्रोग्राम काट्याला ‘कॉम ३’ या दारावर शोधत होता आणि नव्या कन्व्हर्टरला ‘कॉम ७’ क्रमांक मिळाला होता. डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्याचा क्रमांक परत तीन केला, आकडा आला.

आणि एवढं करूनही अपग्रेड अर्ध्यातून माघारी फिरलं, तर पडद्यावरचा क्रमांक लिहून ठेवा. तो ०-एक्स-सी-१९००१०१ असा सुरू होत असेल तर बहुधा ड्रायव्हरचंच दुखणं आहे. कोणत्या ड्रायव्हरचं, ते शोधायला मायक्रोसॉफ्टचाच ‘सेटअप-डायग’ नावाचा फुकट प्रोग्राम आहे. तो अपग्रेडच्या नोंदी वाचून कारण सांगतो.

चार वाजता सगळं चालू होतं. या वेळी पेढा मी संध्याकाळची शेवटची पावती निघाल्यावर खाल्ला.

त्या निळ्या जुन्या कन्व्हर्टरचं काय झालं ते सांगायचं राहिलं. मित्र तो फेकायला निघाला होता. मी माझ्या लॅपटॉपवर पेनड्राइव्हवरून लिनक्स सुरू केलं आणि तो लावला. लगेच ओळखला, काट्याचा आकडा पडद्यावर. लिनक्समध्ये बहुतेक ड्रायव्हर मूळ प्रणालीतच असतात आणि ते कोणा एका कंपनीच्या मर्जीवर नसतात, जगभरातली माणसं ते जपतात. चिप बनवणाऱ्यानं हात काढून घेतला तरी तिथं तिची भाषा जाणणारं कोणीतरी शिल्लक असतं. तेव्हा ती वस्तू मेलेली नव्हती. विंडोजच्या दरबारात तिच्या वतीनं बोलणारं कोणी उरलं नव्हतं, इतकंच. हे आमच्या क्षेत्रात आम्ही फार लवकर विसरतो. ‘आधार संपला’ आणि ‘उपयोग संपला’ ही दोन वेगळी वाक्यं आहेत.

आपल्या शेजारीच याचं फार मोठं उदाहरण उभं आहे. खोडदची जीएमआरटी दुर्बीण आपण सहलीत पाहिली होती. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या, प्राध्यापक गोविंद स्वरूप यांच्या पुढाकारानं उभारलेल्या. गेल्या दशकात त्या दुर्बिणीचं अपग्रेड झालं. तबकड्या त्याच राहिल्या. संदेश पकडणारे भाग, ग्राहक यंत्रणा, आकडेमोडीची यंत्रणा नवी झाली. पूर्वी एका वेळी ३२ मेगाहर्ट्झ रुंदीचा पट्टा ऐकता यायचा, तो ४०० पर्यंत गेला. आणि हे करताना दुर्बीण वर्षानुवर्षं बंद ठेवली नाही. टप्प्याटप्प्यानं बदल केले, जुनी यंत्रणा कामावर ठेवून नवी तिच्या जोडीला उभी केली. जगभरच्या शास्त्रज्ञांची निरीक्षणं शक्य तितकी चालू राहिली. आपल्या हद्दीत हा धडा उभा असताना मी डेअरीत एका दुपारी सगळं उलटंपालटं करायला निघाले होते.

आता शाळेकडे येते. कालच मी संगणक कक्ष पाहून आले. पूर्वी तिथं चपला बाहेर काढून जायचो आणि संगणकावरचा फुलाफुलांचा कपडा काढायचा मान मॉनिटरचा असायचा. आता तिथं अठरा संगणक आहेत. निधी समितीपुढचा प्रस्ताव असा आहे की ते विंडोज ११ घेत नाहीत, म्हणून सगळे काढून नवे घ्यावेत. माझी विनंती आहे की हा ठराव आज करू नये.

अठरांपैकी सात आठव्या पिढीचे किंवा पुढचे आहेत. ते अपग्रेड होऊ शकतात, दोघांना फक्त बायॉसमध्ये टीपीएम चालू करायची गरज दिसली. उरलेले अकरा विंडोज ११ च्या नियमात बसत नाहीत, पण त्यांवर लिनक्स चालेल. केरळमधल्या सरकारी शाळा कित्येक वर्षांपासून मुक्त सॉफ्टवेअरवर शिकवत आहेत, आपल्या पोरांनाही ते जड जाणार नाही. कार्यालयातला एक संगणक मात्र जपून हाताळावा लागेल. दाखल्यांचं मराठी टायपिंग त्याच्यावर होतं आणि त्याला लॉक आहे. त्यातला मजकूर आधी युनिकोडमध्ये करून घेऊ, मग बाकीचं. निधी उरेल. तो प्रयोगशाळेला द्या, नाही तर मुलींच्या स्वच्छतागृहाला, ते जास्त निकडीचं आहे.

हे काम मी करीन. महिन्यातला एक रविवार, अठरा संगणक होईपर्यंत. पण मला दोन मदतनीस लागतील, शक्यतो नववीतले, वायर धरून दुसऱ्या टोकापर्यंत जायचा कंटाळा नसलेले. आणि एक दोनशे पानी वही. प्रत्येक संगणकाला एक पान. त्याला काय जोडलंय, त्याचा ड्रायव्हर कोणता, कुठून आणला, कोणत्या तारखेला घातला, कोणी घातला. ही वही कक्षातच राहील, माझ्या लॅपटॉपमध्ये नाही. आम्ही येऊ-जाऊ, वही तिथं असली पाहिजे.

ती वही मी आणली आहे. पहिल्या पानावरचा मथळा नानांकडून लिहून घेतला, कारण माझ्या अक्षरावर आता गावात कोणाचा विश्वास उरलेला नाही.